पांढऱ्यावर पांढरे मथळे

मला मथळा लिहायला ज्यांनी शिकवलं, त्यांनीच पुढे तो खोटा लिहायला लावला. त्यांच्याबद्दल मला अजून धड रागावता येत नाही. माझ्याबद्दल येतं.

मी एका सायंदैनिकात उपसंपादक होते. सर तिथे वृत्तसंपादक. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, तोंडाने फटकळ, पण कामात चोख. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तुर्भ्याला एका गोदामाला आग लागली आणि मी मोठ्या उत्साहाने मथळा दिला, 'तुर्भ्यात आगडोंब'. सरांनी कागद माझ्यापुढे ठेवला.

"किती गोदामं जळली?"

"एक."

"मग आगडोंब कुठला? 'तुर्भ्यात गोदामाला आग' लिही. आणि एक लक्षात ठेव, निम्मे वाचक फक्त मथळे वाचतात. त्यांना तिथेच फसवलंस, तर खाली कितीही खरं लिही, उपयोग नाही."

तेवीस-चोवीस वर्षांची मी तेव्हा. ते वाक्य मी घरी येऊन आईलाही ऐकवलं होतं.

सायंदैनिक बंद पडलं. सगळी पांगली. मी काही वर्षं शिकवण्या घेतल्या, भाषांतरं केली. मग एक दिवस सरांचाच फोन आला. महाप्याच्या एका डिजिटल मार्केटिंग कंपनीत ते 'कंटेंट हेड' झाले होते आणि मराठी साइटसाठी त्यांना माणूस हवं होतं. "तुझंच काम आहे. मथळे लिहायचे. फक्त इथे त्याला हेडिंग टॅग म्हणतात," ते म्हणाले.

ते खरंच माझं काम होतं. वेबसाइटच्या पानाला एक मुख्य मथळा असतो, त्याला एच-वन म्हणतात. त्याखालचे उपमथळे एच-टू, त्याहून छोटे एच-थ्री. अक्षर मोठं केलं म्हणजे मथळा होत नाही. मागे कोडमध्ये तशी खूण करावी लागते. ती खूण सर्च इंजिन वाचतं आणि पान कशाबद्दल आहे ते ठरवतं. मला हे दोन दिवसांत जमलं. पानाला एकच मुख्य मथळा, उपमथळ्यांचा क्रम नीट, आणि मथळ्यात जे म्हटलंय ते खालच्या मजकुरात असलंच पाहिजे. पहिलं वर्षभर मी असंच काम केलं आणि मला वाटलं, बरं झालं, जुनी विद्या वाया गेली नाही.

मग ते पॉलिक्लिनिक ग्राहक म्हणून आलं.

कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला लागून, त्यांची एक इमारत होती. एकच. रक्त-लघवी तपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी. घरी येऊन रक्त घेण्याची सोयही होती, पण ती आजूबाजूच्या चार-पाच सेक्टरांपुरती. मी त्यांचं पान साधं, सरळ केलं. महिन्याभराने मालकांचा निरोप आला की लोक शोधतात तेव्हा आपण वर दिसत नाही.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "लोकेशनची हेडिंग्ज टाक. नेरूळ, सानपाडा, घणसोली, उरण साइड पण घे. प्रत्येकाला एक एच-टू."

"सर, तिथे यांची माणसं जात नाहीत."

"लोक शोधतात ना तिथून? जासईला कंटेनर यार्डात एवढी माणसं आहेत, त्यांना टेस्ट लागतात."

"लागतात. पण हे जासईला जातात कुठे?"

"तू पेपरमध्ये नाहीयेस आता." सर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "आणि कुणाला दिसणार नाही गं. पानाच्या तळाला टाक, पांढऱ्यावर पांढरं. माणसाला दिसत नाही, सर्च इंजिनला दिसतं. कुणाचं काय बिघडतंय?"

मी जागेवर येऊन मथळे लिहायला बसले. 'नेरूळमध्ये घरपोच रक्ततपासणी, सकाळी सात ते नऊ.' 'सानपाड्यात घरपोच रक्ततपासणी, सकाळी सात ते नऊ.' असे एकामागून एक, पांढऱ्या जागेवर पांढरी अक्षरं. सरांनी येऊन मोजले आणि म्हणाले, "अजून एक टाक." मला सुचेना. मी स्वतः जिथे राहते तेच लिहून टाकलं, 'जुईनगरमध्ये घरपोच रक्ततपासणी, सकाळी सात ते नऊ'. त्याच्या खाली लगेच चौकशीचा फॉर्म होता. नाव, फोन, पत्ता, सोयीची तारीख.

आठवड्याभरात पान वर आलं. मालकांनी ऑफिसात पेढे पाठवले. मीही एक खाल्ला.

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक मावशी राहतात. टेलिफोन ऑपरेटर म्हणून आयुष्यभर नोकरी केलेल्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. जन्मापासून दिसत नाही. यजमान गेल्यापासून एकट्या. स्वयंपाक स्वतः करतात, जिन्याने चढतात-उतरतात, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाजावरून कोण काय बोललं ते वर्षभराने सांगू शकतात. मी रविवारी दुपारी त्यांच्याकडे जायची. त्यांना आलेली कागदी पत्रं, बँकेची, सोसायटीची, मी वाचून दाखवायची. त्या चहा करायच्या. फोन मात्र त्यांचा त्याच हाताळत. बोलणारा फोन होता, पण तो इतक्या वेगाने बोलायचा की मला एक अक्षर कळायचं नाही. मी कधी लक्षही दिलं नाही. माझं घर जुईनगरला, माझं काम महाप्याला, या दोन गोष्टी कुठे एकमेकींना भेटतील असं मला वाटलंच नव्हतं.

एका मंगळवारी ऑफिसात मला त्यांच्या समोरच्या वहिनींचा फोन आला. "मावशी पडल्यात. हाताला लागलंय. आमी घेऊन चाललोय हॉस्पिटलला."

उजवं मनगट मोडलं होतं. संध्याकाळी मी गेले तेव्हा प्लॅस्टर घालून त्या घरी आल्या होत्या, खुर्चीत ताठ बसलेल्या. वहिनी खिचडी करत होत्या.

"अहो, पडलात कशा?"

"चक्कर आली गो. उपाशी होते."

मधुमेहाची तपासणी करायची होती. डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितलं होतं. त्यांनी फोनवर शोधलं, घरी येणारे लोक मिळाले, फॉर्म भरला, 'आपली विनंती मिळाली, धन्यवाद' असं उत्तरही आलं. सात ते नऊ लिहिलं होतं म्हणून पहाटे उठून, आंघोळ करून, दार नुसतं लोटून बसल्या. नऊ वाजले, दहा वाजले. नंबर फिरवला तर होल्डवरची बासरी वाजत राहिली. "चाळीस वर्षं लोकांचे फोन जोडले मी," त्या म्हणाल्या, "माणसाला असं बासरीवर कधी टांगून ठेवलं नाही."

"मग खाऊन घ्यायचं ना मावशी."

"म्हटलं, आता येतील. आता खाल्लं तर उद्या परत उपास." अकराच्या पुढे त्या पाणी प्यायला उठल्या आणि ओट्याशी कोसळल्या.

मी विचारलं, "कुठलं क्लिनिक?" मला वाटतं, उत्तर मला माहीत होतं.

"थांब, ऐकवते." त्यांनी डाव्या हाताने चाचपडत फोन मांडीवर ठेवला. माझ्यासाठी आवाजाचा वेग कमी केला. "मी सगळं पान वाचत नाही गो. कोण वाचेल? मी मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारते. हे बघ, असं बोट फिरवलं की पुढचा मथळा. हवा तो आला की थांबायचं, मग खालचं वाचायचं."

फोन बोलू लागला. 'नेरूळमध्ये घरपोच रक्ततपासणी, सकाळी सात ते नऊ. हेडिंग, लेव्हल टू.' त्यांनी बोट फिरवलं. 'सानपाड्यात घरपोच रक्ततपासणी, सकाळी सात ते नऊ. हेडिंग, लेव्हल टू.' पुन्हा बोट. घणसोली. जासई. बाईच्या त्या निर्जीव आवाजात माझा एकेक मथळा बाहेर पडत होता. फोनला पांढरं-काळं काही कळत नाही. डोळस माणसाला तिथे नुसती मोकळी जागा दिसली असती. आणि शेवटी जुईनगर, आणि त्याला लागूनच फॉर्म.

"हा बघ," मावशी म्हणाल्या. "स्पष्ट लिहिलंय की नाही? जुईनगर. सात ते नऊ. मी काय चुकीचं समजले?"

"नाही मावशी. बरोबर समजलात."

वहिनींनी आपला फोन काढून तेच पान उघडलं. "मावशी, अहो इथे जुईनगर कुठेच नाही. खाली नुसता फॉर्म आहे."

"असं कसं? मी आत्ता ऐकवलं की!"

वहिनी माझ्याकडे बघू लागल्या. मी या लाइनमध्ये आहे हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "काहीतरी टेक्निकल असेल." हे मी म्हटलं. तोंडातून सहज गेलं, जणू ऑफिसातलाच फोन घेतलाय.

मावशींना तक्रार करायची होती. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा त्या तयारच होत्या. "हात अडकलाय, नाहीतर मीच केलं असतं. तू लिही. तुझं मराठी चांगलं आहे."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी लॅपटॉप उघडला.

त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. पत्र फार व्यवस्थित होतं, आरडाओरडा नाही. माझ्यासारखी बाई पान बघत नाही, मथळे ऐकते. मथळा हा माझ्यासाठी रस्त्यावरच्या पाटीसारखा आहे. तुम्ही जिथे जात नाही तिथल्या पाट्या लावल्यात. मला भरपाई नको, त्या पाट्या काढा. मी एके ठिकाणी शब्द सुचवला, 'दिशाभूल'. त्या म्हणाल्या, "हो, तोच घाल." शेवटी त्यांनी मला सगळं दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज नीट लागेना. "सर्दी झालीय का गो?" त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हटलं.

चार दिवसांनी ते पत्र माझ्याच टेबलावर आलं. पॉलिक्लिनिकने ते आमच्याकडे पाठवलं होतं आणि सरांनी माझ्याकडे. वर लिहिलं होतं, 'पोलाइट रिप्लाय कर. कशाचीही कबुली नको.'

मी केबिनमध्ये गेले. "सर, ही बाई माझ्या बिल्डिंगमध्ये राहते."

सरांनी मान वर केली. "फार लागलंय का?"

"मनगट मोडलंय. उजवं. आणि हे जुईनगरचं हेडिंग मी लिहिलंय."

"तू नाही लिहिलंस. कंपनीने लिहिलंय."

"सर, ते सगळे मथळे काढून टाकू या. नाहीतर निदान दिसतील असे ठेवू आणि 'इथे सेवा नाही' म्हणू."

"सेवा नाही असं हेडिंग टाकून कोण वर येतं?" त्यांनी चष्मा काढला. थकलेले दिसत होते. "हे बघ, मला हे आवडतं असं वाटतं का तुला? माझ्या वयाच्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार? तुला कोण घेणार? टेन्शन घेऊ नको. चार ओळी लिही आणि विषय संपव."

मी म्हटलं, "तुम्हीच मला तुर्भ्याच्या आगीला आगडोंब लिहू दिलं नव्हतं."

त्यांना ते आठवलं नाही. खरंच आठवलं नाही, नाटक नव्हतं. "कुठली आग?" असं विचारलं त्यांनी. मी बाहेर आले.

आणि मी चार ओळी लिहिल्या. इथे मला स्वतःला काही सूट द्यायची नाही. राजीनामा देता आला असता, नकार देता आला असता, निदान वाईट मराठीत लिहिता आलं असतं. मी उत्तम लिहिलं. 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला मनापासून सहानुभूती आहे. संकेतस्थळावरील माहिती केवळ प्राथमिक स्वरूपाची असून सेवेची उपलब्धता दूरध्वनीवर निश्चित करून घेणे अपेक्षित आहे.' म्हणजे चूक तुमचीच, बाई. सरांनी एकही शब्द बदलला नाही.

त्या रविवारी मावशींनी मला ते उत्तर ऐकवलं. फोन तेच वाचत होता, त्याच आवाजात. संपल्यावर त्यांनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "हे कोण लिहितं गो? शिकलेलं माणूस आहे. वाक्य कुठे अडखळत नाही."

"मी," मी म्हटलं.

"काय मी?"

"मी लिहिलंय, मावशी. हे उत्तर. आणि ते मथळेही. जुईनगरचा पण."

मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा ओरडतील. त्यांनी डावा हात पुढे करून टेबलावरचा चहाचा कप शोधला आणि माझ्यापासून लांब सरकवला. का, ते मला कळलं नाही. कदाचित त्यांनाही नसेल.

"तक्रार लिहिलीस तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"'दिशाभूल' शब्द तूच दिलास."

"हो."

"समोर बसून लिहिलंस," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही, म्हणून समोर बसून लिहिलंस."

तसं नव्हतं, असं मला म्हणायचं होतं. पण डोळस बाईच्या समोर बसून, तिच्या नजरेला नजर देऊन मला ते पत्र लिहिता आलं असतं का? याचं प्रामाणिक उत्तर मला माहीत आहे.

"जा तू आता," त्या म्हणाल्या. "दार नुसतं लोटून घे, वहिनी येतेय."

सोमवारी मी ऑफिसात जाऊन कुणाला न विचारता ते सगळे लपवलेले मथळे काढले. जिथे सेवा होती त्या सेक्टरांची नावं दिसतील अशी, काळ्या अक्षरांत टाकली. फॉर्मच्या वर नवा मथळा दिला, 'चौकशीसाठी फॉर्म; ही अपॉइंटमेंट नाही'. पान पहिल्यांदाच माझं वाटलं. तीन आठवडे ते तसं राहिलं, कारण कुणी बघितलंच नाही. मग पान खाली घसरलं, मालकांचा फोन आला, आणि सरांनी त्यांच्या मशीनवरून जुने मथळे परत टाकले. मला ओरडले नाहीत. माझ्याकडून त्या साइटचा पासवर्ड तेवढा काढून घेतला.

मी म्हटलं, "निदान जुईनगर तरी काढा."

"काढलंय," ते म्हणाले. संध्याकाळी मी बघितलं. खरंच काढलं होतं. बाकी सगळी गावं होती.

मावशींकडे मी तीनदा गेले. पहिल्या दोनदा दार उघडलं नाही. तिसऱ्या वेळी वहिनींनी उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "राहू दे आता. त्यांची पत्रं मी वाचते." जिन्यात गाठ पडली तर मावशी माझ्या चपलांचा आवाज ओळखतात. कठड्याला हात लावून थांबतात, मला पुढे जाऊ देतात. मनगट बरं झालं, पण पूर्वीसारखं वळत नाही असं वहिनी सांगत होत्या. तपासणीला आता रिक्षा करून वाशीला जातात.

वर्षभराने सर्च इंजिनने आपले नियम कडक केले आणि ते पान एका दिवसात कुठल्या कुठे गेलं. लपवलेले मथळे पकडले गेले होते. आमच्या आणखी तीन ग्राहकांचंही तेच झालं. ऑफिसात दोन दिवस धावपळ. तिसऱ्या दिवशी सरांनी माझी जुनी फाइल मागितली, मी काळ्या अक्षरांत केलेली. ती त्यांनी जशीच्या तशी चढवली. काही महिन्यांनी पान पुन्हा वर आलं.

आता आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात 'एथिकल हेडिंग' नावाची सेवा आहे. पानाला एकच एच-वन, क्रम नीट, लपवाछपवी नाही, मथळ्यात तेच जे खाली आहे. दृष्टिहीन वापरकर्त्यांचा विचार, असाही एक मुद्दा आहे. तो मुद्दा सरांनी माझ्याकडून लिहून घेतला. 'रस्त्यावरच्या पाटीसारखा' ही उपमा त्यांना फार आवडली. ती कुणाची आहे ते त्यांनी विचारलं नाही, पत्र वाचूनही त्यांच्या लक्षात राहिली नव्हती. मीही सांगितलं नाही.

नव्या लोकांना ते शिकवायचं काम माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा कॉन्फरन्स रूममध्ये दहा-बारा जण बसतात. मी बोलणारा फोन लावून दाखवते, मथळ्यावरून मथळ्यावर उडी कशी मारतात ते दाखवते, खोट्या मथळ्याने माणूस कसा चुकीच्या जागी जाऊन थांबतो ते सांगते. मनगटाचं सांगत नाही. गेल्या महिन्यात मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅम, हे सगळं ठीक आहे. पण असं केल्याने सर्चमध्ये रँक वाढतो का?"

सगळ्यांनी वह्यांवरून माना वर केल्या. नेहमीच वाढतो असं नाही. पण मला माहीत होतं, मी नाही म्हटलं तर यातलं एक अक्षर कुणी पाळणार नाही.

"हो," मी म्हटलं. "वाढतो."

त्यांनी ते लिहून घेतलं.